भिंतीतली हवेची जाळी

दोन हजार वीसच्या शरद ऋतूत इथल्या काउन्सिलनं, म्हणजे नगरपालिकेनं, आपल्या मालकीच्या जुन्या घरांच्या एका रांगेसाठी टेंडर काढलं. भिंतींना बाहेरून थंडी अडवणारं इन्सुलेशन, नव्या खिडक्या, घर गरम ठेवणारे हीट पंप, सगळं सरकारी पैशातून. मी आयर्लंडमधल्या ड्रोहेडा गावात एका छोट्या कॉन्ट्रॅक्टरकडे खर्चाचा अंदाज काढणारी एस्टिमेटर होते आणि आमची बोली मीच लिहीत होते. स्पर्धेत समोर जवळच्याच डंडॉक गावची कंपनी होती. त्यांची बोली लिहीत होती माझी मैत्रीण.

पुण्यात इंजिनियरिंगला असताना आम्ही दोघी एका खोलीत राहायचो. ती नागपूरची. आयर्लंडला मी आधी आले, ती दोन वर्षांनी. तिला इथली पहिली नोकरी मीच सुचवली होती, आणि हे मी कधी विसरत नसे.

बोली भरण्याआधी सगळ्या कॉन्ट्रॅक्टरांना घरं पाहायला बोलावलं होतं. मी मास्क लावून पटापट भिंती मोजत होते. ही मात्र एका फाटकाशी उभी राहून तिथल्या आजींशी बोलत होती. चांगली वीस मिनिटं. मला मनातून बरं वाटलं, म्हटलं, हिची मापं राहणार.

काम त्यांना मिळालं. आम्ही दुसरे आलो. काउन्सिलच्या पत्रात गुण दिले होते. रहिवाशांची काळजी या भागात ती आमच्या कितीतरी पुढे होती. मी तिथं नियमावली उतरवली होती. तिनं लिहिलं होतं की काम चालू असताना प्रत्येक घरातली एक खोली उबदार राहील, म्हणजे म्हाताऱ्या माणसांना घर सोडावं लागणार नाही.

"त्या आजीच बोलल्या ना," तिनं फोनवर सांगितलं. "मी फक्त लिहून काढलं."

मी अभिनंदन केलं. फोन ठेवल्यावर उगाच ओटा पुसत बसले. माझ्या साहेबांनी "ग्रँड, ठीक आहे, पुढच्या वेळी" म्हणून विषय संपवला. माझा संपला नाही. तिचं हसणं, तिचं सहज कुणाशीही बोलणं, सगळं मला टोचू लागलं.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांच्याकडे माणसं कमी पडली आणि काही घरांच्या भिंतींचं काम आमच्याकडे आलं. म्हणजे मी तिच्या हाताखाली. एका शुक्रवारी मी तिची ड्रॉइंग्ज तपासत होते. त्याच आजींचं घर. आजींनी हट्टानं आपला लाकडं जाळायचा स्टोव्ह ठेवून घेतला होता. त्या खोलीच्या भिंतीत हवेसाठी जाळी होती, आणि ड्रॉइंगमध्ये इन्सुलेशन सरळ त्या जाळीवरून गेलं होतं. जाळी बुजली असती तर बंद खोलीत स्टोव्हचा विषारी वायू साठला असता.

तेव्हाच फोन करायला हवा होता. केला नाही. मनात आलं, मंगळवारी भिंतीचं काम सुरू होईल, साइटवर कुणाच्या तरी लक्षात येईल, आणि सगळ्यांसमोर तिची चूक निघेल. शनिवार, रविवार मी हे चित्र रंगवत राहिले. रविवारी संध्याकाळी वाटलं, कुणाच्या लक्षात आलंच नाही तर? तरी फोन सोमवारी सकाळी केला.

तिनं ड्रॉइंग उघडून पाहिलं. मग म्हणाली, "बापरे. सगळ्या घरांना एकच ड्रॉइंग लावलं मी. तुला कधी दिसलं?"

"शुक्रवारी."

एवढे दिवस का थांबलीस, हे तिनं विचारलं नाही.

"बरं झालं सांगितलंस," ती म्हणाली.

दुपारच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये तिनं आपल्या आणि माझ्या, दोन्ही साहेबांसमोर सांगितलं की चूक तिची होती आणि ती माझ्यामुळे वेळेत सापडली. शुक्रवारचं नाव काढलं नाही. माझे साहेब खूश झाले. जाळीपासून इन्सुलेशनच्या आरपार बाहेरपर्यंत पाइप बसवून आठवड्याभरात भिंत पूर्ण झाली.

मी कॅमेरा बंद करून बसले होते. कौतुक माझं झालं होतं, पण जळत होते मीच. मी तिच्या जागी असते तर शुक्रवार नक्की सांगितला असता.