वहीत न चढलेलं नाव

आमच्या अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, कॉफीत खोट काढल्याशिवाय ती घशाखाली उतरतच नाही. पातळ झाली, गोड झाली, नाहीतर गार झाली. आता शंभरीला टेकले तरी सवय काही गेली नाही. तरुणपणी ते ब्रह्मदेशात, इंग्रजांविरुद्ध लढणाऱ्या फौजेत कॅप्टन होते. त्यांच्या कंपनीत एक रीत होती: अन्न असो की पाणी, आधी शिपाई, अधिकारी सगळ्यांच्या शेवटी. चेन्नईत मैलापूरच्या आमच्या घरात ती अजून चालते. पाहुणे बिचारे वडीलधाऱ्यांनी सुरुवात करावी म्हणून थांबतात आणि अप्पा पाहुण्यांसाठी थांबतात. मग कॉफी गार होईल नाहीतर काय!

माघार घेताना कंपनीची हजेरीवही अप्पांनी स्वतःच्या हातांनी जाळली. इंग्रजांना नावं सापडली असती तर घरच्यांचे हाल झाले असते. पुढे तीच माणसं पेन्शनसाठी फौजेत असल्याचा दाखला मागायला यायला लागली, तेव्हा पुरावा उरला होता तो फक्त अप्पांच्या डोक्यात. अख्खी वही तोंडपाठ. रोज अंघोळ झाली की स्तोत्र म्हणावं तशी म्हणत. नाव जुळलं की सही.

मी कॉलेजात असताना एकजण आला. त्याचं नाव जुळेना. अप्पांनी दोनदा मनात हजेरी घेतली आणि नाही म्हणून सांगितलं. तो भांडला नाही. मी दिलेली कॉफी प्यायला आणि गेला. आठवड्याने जेवताना अप्पांचा घास हातातच राहिला.

"तो माझ्यासाठी थांबला नाही गं. सरळ आधी प्यायला. माझाच माणूस होता तो."

मग सगळं आठवलं. वही जाळल्यावर, मागे येताना, आपल्या तुकडीपासून चुकलेला एक शिपाई त्यांना येऊन मिळाला होता. त्याचं नाव वहीत चढणार कुठून? आणि आता त्याचा पत्ताही आम्ही कुणी घेतला नव्हता. अप्पांनी त्याला किती शोधलं! मला मात्र त्यांचाच राग यायचा. माणसाचा चेहरा नको का लक्षात राहायला, वही काय घेऊन बसलात, असं एकदा तोंडावर म्हणाले. आणि मलाच रडू आलं.

गेल्या महिन्यात त्या फौजेतल्या सैनिकांच्या कुटुंबांचा मेळावा होता. अप्पांच्या वतीने मी गेले आणि ही गोष्ट सांगितली. शोळिंगनल्लूरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीतली मुलगी उठून म्हणाली, ते माझे आजोबा. रविवारी ती घरी आली. आजोबांना दाखला त्याच वर्षी मिळाला होता, त्यांच्या मूळ तुकडीच्या अधिकाऱ्याकडून. आता आजोबा नाहीत, पण शेवटपर्यंत मजेत होते. राग होता का, असं अप्पांनी विचारलं.

"छे! म्हणायचे, साहेब खोटी सही करत नाहीत, म्हणून तर त्यांच्यामागे चालत आलो."

हुश्श! माझ्याच मनावरचं ओझं उतरलं. अप्पा ताठ बसले आणि हजेरी घ्यायला लागले. एकेक नाव, मधे शांतता. सगळ्यात शेवटी तिच्या आजोबांचं नाव. तिने माझ्याकडे पाहिलं आणि ती उभी राहिली.

"हजर, साहेब."

कॉफी केव्हाची समोर होती. आधी तू, म्हणून अप्पांनी तिला खूण केली. ती प्यायली, मी प्यायले, मग ते. पार गारढोण झाली होती.

"छान झालीय," अप्पा म्हणाले.