रिस्कबाईंची दोन राज्यं

"सेनापतीला आज मारू की रविवारपर्यंत जगू देऊ?"

हा प्रश्न मला पहिल्यांदा विचारला गेला तेव्हा माझ्या हातात चहाचा कप होता आणि सिंगापूरला येऊन आठवडाही झाला नव्हता. विचारणाऱ्या बाई पन्नाशीच्या, सुती साडीतल्या, केसांचा घट्ट अंबाडा घातलेल्या, आणि समोर बसून शांतपणे पोह्यांवर लिंबू पिळत होत्या. मी हबकले. आईने पुण्याहून निघताना बजावलं होतं, ओळखीतून मिळालेली खोली आहे, माणसं चांगली आहेत. कप खाली ठेवून मी विचारलं, "कोण सेनापती?" बाई म्हणाल्या, "मिठागरचा. फितूर झालाय मेला."

ही २०१३ सालची गोष्ट. क्वीन्सटाउनमधल्या त्यांच्या फ्लॅटची एक खोली मी भाड्याने घेतली होती. बाई एका बँकेत रिस्क खात्यात मोठ्या हुद्द्यावर होत्या, म्हणून मराठी मंडळात सगळे त्यांना रिस्कबाई म्हणत. तोंडावर मी मावशी म्हणायचे, मनात रिस्कबाईच. नाव अगदी शोभायचं. एस्केलेटरवर मी डावीकडे उभी राहिले की त्या माझा दंड धरायच्या. पासपोर्टची मुदत, गॅसचा नट, उद्याचा पाऊस, सगळ्याची चौकशी रोज व्हायची. कुठलाही बेत सांगितला की पहिला प्रश्न ठरलेला: "वर्स्ट केस काय?" मी सेंटोसा बेटावर मैत्रिणींबरोबर जाणार म्हटलं तर त्यांनी बुडण्यापासून विषबाधेपर्यंत सगळ्या शक्यता सांगितल्या आणि वर डबाही भरून दिला.

आणि ही बाई घरी आल्यावर जादूगारांची कादंबरी लिहायची! मला हे पचायलाच बरेच दिवस लागले. सागवन आणि मिठागर ही शेजारशेजारची दोन राज्यं. पूर्वी एकच राज्य होतं, ते दोन बहिणींत वाटलं गेलं. थोरली राणी सागवनात, धाकटी मिठागरात. दोघींच्या पदरी मांत्रिकांच्या फौजा. मधे नदी होती, पण धाकट्या राणीने एके दिवशी तिथे धुक्याची भिंत उभी केली, आणि तेव्हापासून पाखरूसुद्धा इकडचं तिकडे जाईना. पुढची सगळी युद्धं, फितुऱ्या आणि विषप्रयोग त्या भिंतीपायी.

बँकेत एक पद्धत असते, मेकर-चेकर. एकाने नोंद करायची, दुसऱ्याने तपासून मंजुरी द्यायची, त्याशिवाय रुपया हलत नाही. रिस्कबाईंनी ती पद्धत जशीच्या तशी सागवनच्या मांत्रिकांना लावली होती. एकाने मंत्र म्हणायचा, दुसऱ्याने संमती द्यायची, मगच जादू व्हायची. एकदा राजपुत्राचा मोर झाला आणि त्याला परत माणूस करायचा मंत्र तयार असूनही पाच प्रकरणं तो अंगणात पिसारा फुलवत हिंडत राहिला, कारण मंजुरी देणारा मांत्रिक रजेवर होता. मी कळवळून म्हटलं, "मावशी, अहो, बिचारा लग्नाचा आहे!" त्या म्हणाल्या, "बदली मांत्रिक नेमला नव्हता. भोगा आता." अर्थात कादंबरीलाही चेकर हवा होता. तो मान न विचारता माझ्याकडे आला. ऑफिसातून दमून यावं तर टेबलावर प्रिंट काढून ठेवलेलं प्रकरण आणि झाकलेली आमटी. आधी प्रकरण वाचायचं, मग आमटी.

आपली भाषा इथे कोणाला कळत नाही, हा सिंगापुरातल्या मराठी माणसाचा लाडका गैरसमज. तो रिस्कबाईंनाही होता, एवढी एक रिस्क त्या बिनदिक्कत घ्यायच्या. एकदा लिटिल इंडियाला गवार आणि कढीपत्ता आणायला आम्ही निघालो होतो. भर एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, त्या मोठ्याने मला सांगत होत्या, "दुधातून विष द्यायचं नक्की केलंय. म्हातारा रात्री दूध घेतोच. फक्त संशय सुनेवर गेला पाहिजे." आउटरम पार्कला गाडी बदलायला उतरलो तर मागून एक वयस्कर गृहस्थ धापा टाकत आले. मुलाकडे महिन्याभरासाठी आलेले असावेत. हात जोडून म्हणाले, "ताई, घरोघरी कटकटी असतात. बोलून मार्ग निघतो. पण विष नका हो देऊ." त्यांची बायको मागून सदरा ओढत होती, "अहो, चला, आपल्याला काय करायचंय!" मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. रिस्कबाईंनी मात्र गंभीरपणे विचार केला आणि म्हणाल्या, "काका, तुम्ही म्हणताय तर थांबते." आणि खरंच थांबल्या. पुढच्या प्रकरणात म्हाताऱ्या राजाने दूध मांजराला दिलं. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "हरकत आली होती ना!"

पण एका जागी ही चेकरगिरी चालायची नाही. वाचता वाचता मी एकदा सहज विचारलं, "मावशी, धाकट्या राणीने भिंत घातली ती का? तिचा राग कशाचा आहे ते कुठेच येत नाही."

"रागीटच आहे ती," बाई म्हणाल्या.

"पण काहीतरी कारण..."

"सगळ्याला कारण लागतं का गं?" असं म्हणून त्या उठल्या आणि स्वच्छ असलेली कढई पुन्हा घासायला लागल्या. ज्या बाईला मोर होण्यामागेसुद्धा कारण लागायचं तिने असं म्हणावं याचं मला फार आश्चर्य वाटलं. मंडळातल्या एका काकूंनी नंतर दबक्या आवाजात सांगितलं की यांची सख्खी धाकटी बहीण इथेच, जुरोंग ईस्टला राहते. एमआरटीच्या एकाच हिरव्या लाइनवर, क्वीन्सटाउनहून जेमतेम पाव तासावर. बाईंनी सिंगापूरची बदली मागून घेतली ती तिच्याचसाठी. पण बहीण बोलत नाही, भेटत नाही, बाई असतील त्या कार्यक्रमाला येत नाही. का, ते कोणालाच माहीत नव्हतं.

पुढे दोनेक वर्षांनी मंडळाने एका शनिवारी दुपारी वाचनाचा कार्यक्रम ठेवला. मुलांनी मराठी ऐकावं म्हणून जाहिरात केली ती "जादूगार, राण्या आणि मंत्रयुद्ध" अशी, वाचणाऱ्याचं नाव न घालता. मुलं बरीच आली. रिस्कबाईंनी धुक्याच्या भिंतीचं प्रकरण निवडलं आणि छान वाचलं. संपल्यावर पुढच्या रांगेतली बारा-तेरा वर्षांची, चष्मा लावलेली एक मुलगी उभी राहिली.

"आंटी, स्टोरी छान आहे. बट धाकटी राणी व्हाय सो अँग्री? नोबडी बिल्ड्स अ वॉल फॉर नथिंग, ला."

शेवटचा तो सिंगापुरी "ला" ऐकून सगळे हसले. रिस्कबाईही हसल्या. "हुशार आहेस. नाव काय तुझं?"

"जुई."

"कोणाची गं तू?"

"माझी," असा आवाज मागच्या दारातून आला.

दारात एक बाई उभ्या होत्या. तोच चेहरा, दहाएक वर्षांनी तरुण. ही धाकटी बहीण, हे कोणी सांगायची गरजच नव्हती. जादूच्या गोष्टींचं वेड असलेल्या मुलीने ओढून आणलं होतं. वाचणारं कोण हे दारात दिसल्यावर नीलाताई, म्हणजे जुईची आई, मागे फिरणार होत्या, पण तोवर मुलगी पळत जाऊन पुढे बसली होती. हे त्यांनीच मला नंतर सांगितलं. त्या क्षणी मला फक्त रिस्कबाईंचा चेहरा दिसत होता. रक्त उतरलेला चेहरा म्हणतात तो मी पहिल्यांदा पाहिला.

"ताई, तिने विचारलंय ना? सांग तिला," नीलाताई म्हणाल्या. "का चिडली होती धाकटी राणी?"

संयोजकांनी चहाची घोषणा करायला माइक हातात घेतला होता, तो त्यांच्या हातातच राहिला. रिस्कबाईंनी कागद खाली ठेवले. जुईकडे बघत त्या बोलायला लागल्या, अजून कादंबरीतलंच सांगत असल्यासारख्या.

"त्यांची आई थोरलीकडे असायची. ती वारली. एका रात्रीत, हृदय बंद पडून. धाकटी परराज्यात होती, पहिलटकरीण, नववा महिना लागलेला. थोरलीने ठरवलं, बातमी नदीपलीकडे जाऊ द्यायची नाही. बाळंत होऊ दे, मग सांगू."

सभागृहात बऱ्याच माना हलल्या. आमच्यापैकी कोणाच्या घरी असं झालेलं नाही? परदेशातल्या माणसापासून वाईट बातमी लपवायची ही आपली रीतच. परीक्षा होऊ दे, व्हिसा होऊ दे, बाळंत होऊ दे. माझे आजोबा गेल्याचं मलाही बाराव्यानंतर कळलं होतं. मला वाटलं, एवढ्यासाठी इतकी वर्षं अबोला?

"एवढंच नाही," नीलाताई म्हणाल्या. "लपवलंस ते मी कधीच विसरले असते. फोनचं सांग."

 रिस्कबाई म्हणाल्या, आणि आता राणीबिणी काही उरली नव्हती, "नीला रोज फोन करायची. आई झोपलीय, आई देवळात गेलीय, असं मी सांगत राहिले. एके दिवशी रडायलाच लागली. आईला दे, आत्ता दे. मला भीती वाटली, हिला काही होईल, बाळाला काही होईल. मी पदर रिसीव्हरवर धरला आणि आईच्या आवाजात बोलले."

मागे चहा मांडणाऱ्या कोणाच्या तरी हातातली बशी खाली पडली. ती उचलायला कोणी वाकलं नाही.

"काय बोललीस?"

"बाळा, जप हो. मी आहे इथे." बाई हे स्वतःच्याच आवाजात म्हणाल्या. "मग मला रडू फुटलं. तुझं बोलणं पुरं व्हायच्या आत मी फोन ठेवून दिला."

"आईचे दिवस होऊन गेले होते तेव्हा," नीलाताई आम्हा सगळ्यांना सांगत होत्या की स्वतःला, कळत नव्हतं. "कळा यायला लागल्या तेव्हा मी तेवढं एकच घोकत होते. मी आहे इथे, मी आहे इथे. त्या जिवावर मी बाळंत झाले, ताई. आणि नंतर कळलं, तिथे कोणीच नव्हतं."

 मृत्यू लपवणं मला समजत होतं. पण मेलेल्या आईच्या तोंडून जिवंत असल्याचा निरोप देणं? मी या बाईच्या हातची आमटी दोन वर्षं खात होते आणि हे मला माहीत नव्हतं. राग यावा की रडू यावं हेच कळेना. जुई चष्मा काढून एकदा आईकडे, एकदा मावशीकडे बघत होती. हे सगळं आपल्यासाठी झालं, हे तिला नुकतंच समजत होतं.

"मी प्रत्येकाचा वर्स्ट केस धरला होता," रिस्कबाई म्हणाल्या. "तू आणि बाळ, दोघींचा. तू मला कायमची सोडशील, हे नव्हतं धरलं."

 मुलीचा हात धरून नीलाताई निघून गेल्या. मिठीबिठी काही झाली नाही. घरी येताना स्टेशनच्या एस्केलेटरवर बाईंनी माझा दंड धरला नाही, तेव्हा मला खरी काळजी वाटली.

दुसऱ्या दिवशीपासून त्यांनी कादंबरी पहिल्या पानापासून पुन्हा लिहायला घेतली. आता त्यात थोरलीच्या महालातले ते दिवस होते, सगळे, काही न वगळता. रोज थोडं लिहायच्या, बरंचसं खोडायच्या. सेनापती, मोर, म्हातारा राजा मागे पडले. मी वाचायचे आणि मला काही सुचवायला सुचायचं नाही. एक प्रकरण पुरं झालं की त्या माझ्याकडूनच ते जुरोंग ईस्टच्या पत्त्यावर पाठवायच्या. उत्तर कधी आलं नाही, पण पाकीट परतही आलं नाही.

वर्षभराने माझ्या कंपनीने मला पुण्याला परत बोलावलं. निघायच्या दुपारी माझ्या बॅगा दाराशी होत्या आणि रिस्कबाई औषधांची पुरचुंडी कुठे कोंबावी या विवंचनेत होत्या. बेल वाजली. मला वाटलं टॅक्सीवाला. दारात जुई, आणि तिच्या मागे नीलाताई.

"हिला पुढचं प्रकरण हवंय," नीलाताई माझ्याकडे बघून म्हणाल्या. "धीरच नाही."

बाईंनी त्यांना बसायला सांगितलं, पाणी आणलं. सगळ्या अवघडून बसलो होतो. अचानक जुई म्हणाली, "मावशी, आजीचा व्हॉइस अजून काढता येतो तुला?"

"जुई!" मी ओरडलेच. असं कोणी विचारतं?

बाई पाण्याचे पेले गोळा करायला लागल्या. "नाही गं बाळा. ते मी पुन्हा कधी..."

"काढ," नीलाताई म्हणाल्या.

"नीला, नको."

"हिने आजीला ऐकलेलंच नाही. मीही विसरत चाललेय. काढ, ताई."

रिस्कबाई खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. पदर तोंडाशी धरला. मग त्या खोलीत मी कधी न ऐकलेला, म्हातारा, किंचित घोगरा, मायेने ओथंबलेला आवाज उमटला. "बाळा, जप हो. मी आहे इथे."  या वेळी बाई रडल्या नाहीत. पाठ फिरवून तशाच थांबल्या.

नीलाताईंनी डोळे मिटले होते.  मग त्या अगदी हळू म्हणाल्या, "हो गं, आई. ठेवते आता."