तिसऱ्यांदा विचारणाऱ्या मेट्रनताई

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी मेट्रनताईंचं नाव घेतो, आणि परतूरला बसलेल्या माझ्या आईलाही ते मान्य आहे. 'ग्रँड' या शब्दावर विश्वास न ठेवणारी अख्ख्या आयर्लंडमधली ही एकमेव बाई. इथे पाय मोडलेला माणूसही 'मी ग्रँड आहे', म्हणजे अगदी मजेत, असं म्हणतो आणि विचारणारा समाधानाने पुढे जातो. ताई जात नसत. खुर्ची ओढून बसत.

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. इथल्या मेनूथ विद्यापीठात पुढचं शिक्षण संपलं तेव्हा लॉकडाऊन लागला होता आणि माझ्या अर्जांना कुणी उत्तरही देत नव्हतं. मूळच्या नागपूरच्या ताई वृद्धांच्या एका नर्सिंग होममध्ये मेट्रन होत्या; त्यांनी मला तिथे कामाला घेतलं. राहायला येणाऱ्या प्रत्येक वृद्धाच्या तपासण्या ठरवायच्या, हे माझं काम. वजन, त्वचा, पडण्याचा धोका, स्मरणशक्ती, गिळणं. कोण, कधी, कुणाकडून तपासणार, ते मी आखायचं. दोन दिवसांत सगळं होऊन त्या माणसाची काळजी कशी घ्यायची हे ठरलंच पाहिजे, असा नियम. मी रंगीत चौकोनांचं सुबक वेळापत्रक करायचो आणि ताई त्याचा चुराडा करायच्या, कारण त्यांना प्रत्येक प्रश्न तीनदा विचारायचा असे.

"बाबू, मावशीकडे गेल्यावर पहिल्या झटक्यात पोहे घेतोस का?"

"नाही, ताई."

"मग हे लोक काहून खरं सांगतील? आपल्यासारखेच तर आहेत."

चेहऱ्यावर मास्क, त्यावर पारदर्शक व्हायझर, आणि घामाने कपाळावर राहत नाही म्हणून टिकली थेट व्हायझरवर चिकटवलेली, अशा थाटात त्या खोल्याखोल्यांतून फिरत. एका निवृत्त मास्तरीणबाईंनी अंघोळीला मदत नको, असं दोनदा ठणकावून सांगितलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर हळूच म्हणाल्या, "टबमध्ये पाय टाकायची भीती वाटते." आयरिश नर्सेस ताईंना हसत, पण अवघड माणूस आला की त्यांनाच बोलावत. पहिल्या लाटेत आमच्याकडची काही माणसं गेली होती. त्यांच्याबद्दल ताई बोलत नसत.

एकवीस सालच्या हिवाळ्यात गाईंच्या गोठ्यात जन्म घालवलेले एक शेतकरी आजोबा हॉस्पिटलमधून आमच्याकडे आले. कागदावर लिहिलं होतं, खाणंपिणं व्यवस्थित. पण ताईंनी सकाळी पाहिलं, की आजोबा पाव चघळून रुमालात टाकतात आणि चहा नुसता धरून बसतात. घास श्वासनलिकेत जात असेल तर फुप्फुसं बिघडणार, आणि त्या दिवसांत ते परवडणारं नव्हतं. नुसत्या संशयावर त्यांचं जेवण बदललं असतं तर त्यांनी तेही सोडलं असतं. गिळणं तपासणारी थेरपिस्ट शुक्रवारीच येई, चारला निघे, आणि नंतर थेट पुढच्या आठवड्यात. तो शुक्रवारच होता. ती येऊन, कागद वाचून, "गिळायला काही त्रास?" विचारून, "मी ग्रँड" हे उत्तर घेऊन दुसऱ्या खोलीत गेलीसुद्धा.

ताईंनी सकाळी विचारलं होतं: ग्रँड. दुपारी विचारलं: ग्रँड, आणि जरा रागाने. साडेतीनला त्या दोन कप चहा घेऊन तिसऱ्यांदा आत शिरल्या. जाताना मला म्हणाल्या, "तिला जाऊ देऊ नको. काहीही कर."

थेरपिस्ट कोट घालत होती. मी पार्किंगपर्यंत तिच्याशी हवामानावर बोललो, मग तिच्या गाडीवर, मग तिच्या कुत्र्यावर, ज्याला मी कधी पाहिलं नव्हतं. "तुला नक्की काय हवंय?" तिने विचारलं. मी म्हणालो, "ताई अजून विचारून राहिल्या आहेत." ताईंचं नागपूर माझ्या इंग्रजीतही शिरलं होतं. ती घड्याळाकडे बघत राहिली. माझी नजर आजोबांच्या खिडकीवर.

आत काय झालं ते ताईंनी नंतर सांगितलं. दोघं कप धरून बसले होते. चहा निवत होता. शेवटी आजोबाच म्हणाले, "तुम्ही तुमचा पीत नाही."

"माझ्या तोंडावर मास्क आहे," ताई म्हणाल्या. "तुमच्या तोंडावर काय आहे?"

आजोबांनी कप खाली ठेवला. "बायकोला शेवटच्या दिवसांत सगळं लापशीसारखं करून द्यायचे. चहासुद्धा घट्ट, चमच्याने. मला तसा चहा नको."

खिडकीत ताईंचा हात वर झाला. थेरपिस्टने काही न विचारता गाडीचं दार लावलं आणि ती आत आली. तपासून तिने अन्न मऊ करायला सांगितलं; चहा मात्र चहाच ठेवला, ताठ बसून, छोट्या घोटांनी, शेजारी कुणीतरी असताना. शेजारी बसायला ताईच जात. निवलेला कप हातात धरून.

वर्ष सरता सरता ताईंनी नोकरी सोडली आणि गॉलवेला भावाकडे गेल्या. वेळापत्रक मी अजूनही आखतो, पण प्रत्येक चौकोनापुढे दोन चौकोन रिकामे सोडतो. गेल्या आठवड्यात त्यांना हे पत्र टाकलं.

प्रिय ताई,

फोनवर तुम्ही कशा आहात असं विचारलं, तर तुम्ही 'ग्रँड' म्हणालात. ते पहिल्यांदा झालं. हे पत्र दुसऱ्यांदा समजा. उत्तर काय येणार ते मला ठाऊक आहे. रविवारच्या गाडीने मी गॉलवेला येतोय. पोहे माझ्याकडून. तुम्ही नको म्हणा. मी खुर्ची ओढून बसेन.

तुमचा,
बाबू