बाबांचं इंजिन आणि कंपनीचा वास

बोईसरजवळच्या सालवडला राहायला आलं की माणूस आधी काय शिकत असेल, तर खिडकी लावायला. नाकाला जरा काही लागलं की घराघरांतून एकच वाक्य ऐकू येतं, "कंपनीचा वास हाय, खिडकी लाव." कधी सडक्या अंड्यासारखा, कधी नेलपॉलिशसारखा, कधी नुसताच घशात खवखवणारा. कुठल्या कंपनीचा, कशाचा, हे कुणी विचारत नाही. विचारून करणार काय? धोक्याचा भोंगा वाजला तर पळायचं, नाही वाजला तर खिडकी लावून भाजी फोडणीला टाकायची. मी स्वतः तारापूरच्या एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंट खात्यात काम करते. आत काय काय असतं ते मला ठाऊक आहे, म्हणून मी शेजारणींपेक्षा जरा जास्तच घाबरते. घाबरून करते काय, तर मीही खिडकीच लावते.

बाबा किनाऱ्यावरच्या मुरबे गावचे. घर मासेमारीचं, पण तरुणपणी ते मालवाहू जहाजावर खलाशी म्हणून गेले आणि परदेशातल्या कुठल्याशा बंदरात, जुन्या बाजारातून, आगगाडीचं एक छोटं इंजिन घेऊन आले. हिरव्या रंगाचं, तळहातावर मावेल एवढं, पण आतून सगळं धातूचं आणि हातात घेतलं की चांगलं जड. त्याला खेळणं म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. "खेलनं नाय ते, मॉडेल हाय," म्हणायचे. दिवाळीला फळीवर गोल रूळ मांडायचे आणि अख्खी आळी बघायला यायची. बघायची फक्त. लहानपणी मी एकदा बोट लावलं तर पाठीत असा धपाटा बसला की आजही त्या इंजिनाकडे हात नेताना पाठ आपोआप आकसते.

गेल्या वर्षी बाबांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. बोईसरला उपचार होतील म्हणून मी त्यांना सालवडला माझ्याकडे आणलं. उजवा हात लुळा पडला आणि बोलणं गेलं. उरला एकच शब्द, "हलू." म्हणजे आपलं हळू, आमच्या किनाऱ्यावर 'ळ'ला कुणी विचारत नाही. भूक लागली, हलू. पाणी हवं, हलू. पंखा बंद कर, तेही हलूच. नुसत्या डोळ्यांवरून अंदाज बांधायचा. त्यात मी इतकी पटाईत झाले की बाबांनी तोंड उघडायच्या आत माझ्या हातात तांब्या असायचा.

डॉक्टर म्हणाले, शब्द येतील, पण माणसाला बोलावंसं वाटलं पाहिजे. एकदा का त्याने मनातून सोडून दिलं, की मग कठीण. हे ऐकल्यापासून माझी झोप उडाली, कारण बाबा भिंतीकडे तोंड करून बसायला लागले होते. हलूसुद्धा कमी झालं होतं.

शेवटी मी मुरब्याहून इंजिनाचा पत्र्याचा डबा आणला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला. माणूस ताठ झाला हो! डोळ्यांत जीव आला. पण ते जुनं इंजिन चालवायचं म्हणजे एका हाताने कंट्रोलरचा डबा धरायचा आणि दुसऱ्याने त्याचं घट्ट बटण फिरवायचं. डाव्या एकट्या हाताने बटण फिरलं की एकदम फिरे, इंजिन धाडकन सुटे आणि वळणावर उताणं पडे. तिसऱ्यांदा पडल्यावर बाबांनी फळी ढकलली आणि परत भिंत धरली.

हे एक शेवटचं उरलं होतं, तेही गेलं तर?

तेव्हा मला डीकोडरचं सुचलं. चिंचोक्याएवढी एक चिप असते. ती इंजिनाच्या पोटात बसवली की इंजिन हातातल्या रिमोटचा हुकूम ऐकतं. अंगठ्याने कळ दाबावी, तेवढं ते गोगलगाईसारखं सरकतं. डाव्या अंगठ्याला तेवढं सहज जमेल. फरक एवढाच की जुन्या पद्धतीत बटण बंद केलं की रुळातली वीज बंद होते. नव्या पद्धतीत रूळ कायम जिवंत. इंजिन उभं असो की चालत असो, वीज पूर्ण असते, फक्त हुकूम बदलतो.

पण जुन्या छोट्या इंजिनात जागा कुठली? मोटारीभोवती नुसता धातू. तो घासून खाच करायची, आणि मोटारीला वीज पोचवणारा एक ब्रश थेट त्या धातूला टेकलेला असतो, तो तोडून वेगळा करायचा. नाहीतर वीज लावताक्षणी चिप खलास. इंजिन बिघडलं तर दुसरं मिळणार नाही. सुट्टीच्या दिवशी दुपारी मी बाबांसमोर बसले, चिप दाखवली, कानस दाखवली आणि विचारलं, "बाबा, कापू का रे तुझं इंजिन?"

"हलू," ते म्हणाले.

म्हणजे काय समजायचं? हो म्हणाले, की हात लावू नको म्हणाले? मी हो समजले. कानस फिरली तशी चकचकीत भुकटी पडायला लागली आणि मला वाटलं, हा आता पाठीत धपाटा बसतोय. बसला असता तर बरं झालं असतं, निदान हात तरी उचलला असता त्यांनी. ब्रश सोडवला, केसासारख्या वायरी सोल्डर केल्या, पिवळी टेप गुंडाळली, भुकटी फुंकून फुंकून काढली. वरचं हिरवं प्लॅस्टिकचं कवच बसेना, म्हणून जरा दाबलं. ते दाबणंच पुढे भोवलं. खाचेची धार टेपमधून वायरीला टेकली होती, हे मला मागाहून कळलं.

टेबलावर रूळ मांडले, वीज लावली आणि रिमोट बाबांच्या डाव्या हातात दिला. अंगठा हलला. इंजिन निघालं. इतकं सावकाश की चाकं फिरताना दिसत होती! वळणावर आलं आणि वळलं. बाबांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. मी नाक पुसत आत गेले आणि चहा टाकला.

कप घेऊन बाहेर आले तेव्हा बाबांनी इंजिन थांबवलं होतं. माझ्याकडे बघून, ओठ वाकडे करून, जोर लावून ते म्हणाले, "वास."

मी जागच्या जागी उभी. हलू नाही, वास! नवा शब्द! मलाही वास आला, जळकट, तिखट. आता सालवडच्या बाईला असा वास आला की ती काय करणार?

"अगो बाई! हो बाबा, कंपनीचा वास हाय! थांब, खिडकी लावते!"

मी कप टेबलावर ठेवला, हसत धावले आणि खिडकी लावली. स्वयंपाकघरातलीही लावली. बाबा ओरडत होते, "वास! वास!" आणि मी मूर्खासारखी टाळ्या वाजवत म्हणत होते, "परत बोल ना, बाबा, परत बोल!"

त्यांनी डावा हात टेबलावरून असा फिरवला की रूळ, इंजिन, कप, सगळं जमिनीवर. तेव्हा मला इंजिनाच्या कवचातून निघणारा धूर दिसला. ते उभं होतं, पण रूळ जिवंत होते, आणि ते उभ्या उभ्या आतून जळत होतं.

मी प्लग ओढला. फडक्यात धरून इंजिन उचललं तर हाताला चटका. कवच एका बाजूने लोण्यासारखं खचलं होतं. चिप तर गेलीच होती. मोटार वाचली की नाही, हे बघायचं धाडस झालं नाही.

वर बघितलं तर बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं होतं.

तशी भीती मला भोंग्याचीही वाटलेली नाही. इतक्या महिन्यांनी माणसाने एक नेमका शब्द काढला, नेमक्या गोष्टीसाठी. आणि मी सवयीने अंदाज बांधला आणि त्याच्या तोंडावर खिडकी लावली. आता हा कशाला बोलेल? कुणाशी बोलेल?

"बाबा," मी खाली बसूनच म्हणाले, "माजं चुकलं. बोल काहीतरी. हलू तरी बोल."

खिडक्या बंद, धूर जाणार कुठे? दोघंही खोकायला लागलो. मी त्यांच्या मानेकडे बघत होते, ती वळते का म्हणून.

मान वळली. बाबांनी खिडकीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"येडी," ते म्हणाले. लहानपणी धपाटा घालायच्या आधी म्हणायचे, अगदी तसंच. मग श्वास घेतला, ओठ जुळवले. "उघड."

मी उठून खिडकी उघडली. बाहेर खरोखरच कंपनीचा वास होता. तरी उघडीच ठेवली.