टर्बो विकायला पानिपतला

गाडी विकायला गाडीनेच जायचं आणि परतताना ट्रेनने यायचं, असा आमचा बेत होता. म्हणून सामान अगदी कमी घेतलं. एक झोळी, पाण्याच्या दोन बाटल्या आणि अभयचे डोळ्यांत घालायचे थेंब.

गाडीबद्दल आधी सांगते. गुडगावला शेतांमधून काचेच्या इमारती उगवत होत्या, तेव्हाची ही गाडी. एका परदेशी कंपनीचे साहेब मायदेशी परतताना ती विकून गेले आणि माझ्या नवऱ्याने, म्हणजे केंद्र सरकारच्या नोकरीतल्या एका अत्यंत सरळमार्गी माणसाने, ती घेतली. गडद हिरवी, चार दारांची, दिसायला साधी. पण इंजिनाला टर्बो. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक छोटं चक्र फिरतं आणि ते इंजिनात जादा हवा कोंबतं, एवढंच मला समजलंय. पाय दाबला की क्षणभर काहीच होत नाही आणि मग कुणीतरी पाठीत हात घालून पुढे ढकलावं तशी ती निघते. मयूर विहारच्या आमच्या सोसायटीत बाकी सगळ्या छोट्या, काटकसरी गाड्या. त्यांत ही म्हणजे भजनी मंडळात आलेली पैलवानीण.

मागच्या वर्षी अभयच्या उजव्या डोळ्याचा पडदा गेला. एका डोळ्याने अंतराचा अंदाज येत नाही म्हणून त्याने स्वतःच किल्ली ठेवून दिली. गाडी आच्छादनाखाली गेली. आठवड्यातून एकदा मी सुरू करायची, तर मागून निळा धूर. सोसायटीच्या सेक्रेटरींनी दोनदा टोकलं. आमची लेक दिल्लीतच वाढलेली. ती हॉस्टेलवरून फोनवर म्हणाली, “आई, गाडी बिमार आहे, तिला दाखव ना कुणाला तरी.”

अभय म्हणाला, “दुरुस्त करू आणि विकू. खाली उभी दिसते ना, ते मला नको आहे.”

मला ती विकायची नव्हती. पण गाडी त्याची होती आणि डोळाही त्याचा होता.

फरीदाबाद

जुन्या टर्बो गाड्या असणाऱ्यांसाठी हा भाग. मयूर विहारहून नोएडाच्या बाजूने कालिंदी कुंजचा बंधारा ओलांडायचा, मथुरा रोडला लागायचं आणि बदरपूरमार्गे फरीदाबाद गाठायचं. सकाळी लवकर निघा, नाहीतर बदरपूरला ट्रकांच्या मागे दिवस जातो. तिथे सुखदेवजींचं गॅरेज आहे. पूर्वी ते ट्रॅक्टरच्या कारखान्यात होते. आवाज मोठा, पोट मोठं आणि स्वतःबद्दलचं मतही बऱ्यापैकी मोठं.

टर्बो उतरवून त्यांनी आम्हाला तेलाची बारीक नळी दाखवली. आत तेल जळून कोळसा झालेला.

“साहब, तेज़ चलाकर एकदम बंद करते हो क्या?”

अभयने छातीठोकपणे सांगितलं, “मी तर गाडी विनाकारण कधीच चालू ठेवत नाही. सिग्नलला बंद. टोलच्या रांगेत बंद. पेट्रोल वाचतं.”

सुखदेवजींनी कपाळावर हात मारला. “बस! उसी ने मारा है इसको.”

टर्बो तापलेला असताना इंजिन बंद केलं तर त्याला मिळणारं तेल थांबतं आणि असलेलं तिथेच करपतं. जोरात चालवल्यावर मिनिटभर गाडी नुसती चालू ठेवायची असते. अभयच्या ऑफिसात जिन्याजिन्यावर इंधन वाचवा म्हणून पोस्टर होती आणि ती मनापासून वाचणारा बहुधा तो एकटाच. नदीवरच्या पुलावरून सुसाट यायचं आणि टोलच्या रांगेत शिरताच किल्ली फिरवायची, हे मी कितीतरी वर्षं शेजारी बसून पाहिलं होतं.

त्याने ती नळी हातात घेऊन उजेडाकडे धरली. “इतकी जपली मी हिला,” एवढंच म्हणाला.

खर्चाचं विचाराल तर नवा टर्बो महाग पडतो. जुन्याच्याच आतले भाग बदलून तो नीट करणं पुष्कळ स्वस्त. मात्र नळी नवी घाला आणि इंजिनाचं तेल चांगलं घाला, तिथे हात आखडू नका. आणि एका वाक्यापासून सावध राहा: “भाभीजी, अब खुल ही गई है तो…” हे वाक्य सुखदेवजी दर दहा मिनिटांनी म्हणत. अब खुल ही गई है तो मोठा सायलेन्सर लावू, अब खुल ही गई है तो ताकद वाढवू. आम्ही एकच गोष्ट मान्य केली. टर्बोची हवा इंजिनात नेणारा रबरी पाइप चिरला होता, त्या जागी जाड, मजबूत पाइप.

निघताना ते म्हणाले, “गरम होकर पाइप बैठेगा. थोड़ा चलाने के बाद क्लिप एक बार कस लेना.”

आम्ही दोघांनीही मान डोलावली.

पानिपतचा रस्ता

गिऱ्हाईक पानिपतचं होतं. चादरी-ब्लँकेटांचा तरुण व्यापारी, गोयल. फेब्रुवारी संपत आला होता, धुकं गेलं होतं. शनिवारी सकाळी मी स्टिअरिंगवर आणि अभय डावीकडे बसलो. फरीदाबादला जाता-येता तो मागच्या सीटवर बसला होता; या गाडीत डावीकडे तो पहिल्यांदाच बसत होता. पट्टा कुठून ओढायचा तेही त्याला सापडेना.

मग सुरू झालं. “गिअर बदल. आता नको. आता. अगं आता!”

“अभय, चालवतेय ना मी?”

“चालव ना. मी कुठे काय म्हणतोय? डावीकडून स्कूटर.”

आझादपूरच्या गर्दीत भाजीचे टेम्पो दोन्ही बाजूंनी अंगावर येत होते. सिंघू बॉर्डरपर्यंत मी दातओठ खात चालवलं. कुंडलीला उजवी-डावीकडे नव्या टॉवरांचे सांगाडे उभे होते, ‘दिल्लीपासून जवळ’ असं सांगणाऱ्या पाट्या होत्या. तिथून पुढे रस्ता मोकळा झाला. मी पाय दाबला. क्षणभर काहीच नाही. मग तो हात पाठीत आला.

मी हसले. मोठ्याने हसले, हे मला नंतर कळलं. अभय माझ्याकडे बघत होता.

“काय?”

“काही नाही. पुढे बघ.”

मुरथलला पराठे खायचेच. दोघांत तीन पुरतात, पांढरं लोणी मागायचं नाही, ते आपोआप येतं. थांबल्यावर मी इंजिन मिनिटभर चालू ठेवलं. अभय मनगटावरच्या घड्याळाकडे बघत बसला, जणू तो दंड भरत होता.

समालखाच्या अलीकडे फट्ट असा आवाज झाला आणि गाडीचा जीवच गेला. मागे काळा धूर, वेग बैलगाडीचा. कशीबशी कडेला घेतली. बाजूला सरसूचं, म्हणजे मोहरीचं शेत, एक ट्यूबवेल आणि तिथे बसलेले एक म्हातारे हुक्केवाले ताऊ.

“क्लिप कसली होतीस?” अभयने विचारलं.

“मी? मला वाटलं तू.”

“गाडी तू चालवतेयस!”

“गाडी तुझी आहे!”

हरियाणवी ताऊंना मराठी कळत नव्हतं, पण नवरा-बायको कळत होते. “लड़ ल्यो, लड़ ल्यो,” ते म्हणाले, “इतणै इंजन ठंडा हो ज्यागा.”

मला हसू आलं. अभयलाही.

इंजिन निवल्यावर अभय बॉनेटमध्ये वाकला. पेचकस क्लिपच्या दिशेने नेला आणि तो बाजूच्या लोखंडावर टेकला. पुन्हा नेला, पुन्हा चुकला. तिसऱ्यांदा त्याने प्रयत्नच केला नाही. तिथे उभा राहिला. त्याचा तो चेहरा मी या वर्षात पुष्कळदा पाहिला आहे, पण इतक्या उजेडात नाही.

“दे इकडे,” मी म्हटलं. “मला काही कळत नाही यातलं. तू सांग, मी करते.”

त्याने पेचकस माझ्या हातात दिला. “मोठा काळा पाइप निसटलाय, दिसतोय? तो आधी पुसून घे, आत तेल असेल. आता पिळत पिळत वर चढव. अजून. कडेपर्यंत. क्लिप त्याच्या टोकाला नको, जरा मागे घे.”

“असं?”

“हात लावून बघ. माझा हात धर आणि त्यावर ठेव.”

मी त्याचा हात धरून क्लिपवर ठेवला. त्याने बोटांनी चाचपून पाहिलं. “बरोब्बर. आता कस. आणखी अर्धा फेरा. बास.”

गाडी सुरू केली. तो डोळे मिटून ऐकत होता. “रेस वर ने जरा. सोड. पुन्हा. झालं!” मग ताऊंना, “हो गया जी!”

ताऊंनी बसल्या जागेवरून हुक्का उंचावला. माझे हात कोपरापर्यंत काळे झाले होते. ट्यूबवेलच्या पाण्यात धुतले, तरी नखं काळीच राहिली.

गोयल

पानिपतला आता वरून जाणारा रस्ता झालाय. टोलसाठी सुटे पैसे जवळ ठेवा आणि गावात जायचं असेल तर पूल चढू नका. दिल्लीच्या आम्हा मराठी लोकांना पानिपत म्हणजे काला आंब, तिसऱ्या लढाईचं स्मारक. आलेल्या प्रत्येक पाहुण्याला आम्ही तिथे नेतो, गप्प उभं राहतो आणि परततो. बाजारात मात्र कुणी फारसं जात नाही. जा. सुताच्या दऱ्या, म्हणजे सतरंज्या, सुंदर मिळतात आणि दुकानदार गालिचे उलगडायला कंटाळत नाहीत.

गोयल भला माणूस होता. चहा आला, मठरी आली, लोणचं आलं. गाडी चालवून आला तो खूष होऊनच. “मस्त है भाईसाहब! लेकर आया कौन? ड्राइवर?”

“मॅडम,” अभय म्हणाला.

“भाभीजी? यह गाड़ी?” गोयल हसला. वाईट हेतूने नाही, पण हसला. “मैंने सोचा, भाभीजी घूमने आई हैं।”

अभय माझ्या नखांकडे बघत होता. मग गोयलसमोरच त्याने मराठीत विचारलं, “तुला काय वाटतं?”

वर्षभरात हे त्याने पहिल्यांदा विचारलं होतं. मीही पहिल्यांदाच सांगितलं. “नको विकायला.”

“मग मला शेजारी बसावं लागेल.”

“बसायचं.”

“मी बडबड करणार.”

“कर. डावीकडच्या स्कूटर मला खरंच दिसत नाहीत.”

गोयल आलटून पालटून आमच्याकडे बघत होता. अभय त्याच्याकडे वळला. “माफ़ करना गोयलजी. मुझे लगा था गाड़ी मेरी है.”

गोयलने मठरीची ताटली पुढे सरकवली. “कोई बात नहीं जी. घर में मेरी भी नहीं चलती।”

घरी

परतताना आम्ही एक निळी दरी घेतली. अभयने ती मागच्या सीटवर ठेवली, कारण ट्रेनमध्ये सांभाळायची नव्हती. आझादपूरला त्याने मला चार स्कूटर, एक हातगाडी आणि एक बेफिकीर गाय दाखवली.

काय उरलं, असं स्वतःला विचारते तेव्हा आधी कृतज्ञताच वाटते. त्या डोळ्याबद्दल, जो उरला. सुखदेवजींबद्दल, हुक्केवाल्या ताऊंबद्दल, निसटलेल्या त्या पाइपबद्दलसुद्धा. सगळं सुरळीत पोचलं असतं तर आम्ही ट्रेनने परतलो असतो.

आणि एक सांगायचंच राहिलं. त्या दिवशी जाताना आणि येताना, दोन्ही वेळा मी पाठीशी उशी घेऊन चालवलं. अभय माझ्यापेक्षा वीतभर उंच. त्याची सीट मागे सरकवलेली असायची. वर्षभर दर आठवड्याला गाडी सुरू करायला जायची, तेव्हाही मी ती हलवली नाही. ती त्याची जागा होती.

रविवारी सकाळी मी खाली गेले तर तो गाडीच्या उघड्या दारापाशी उभा होता. उशी त्याच्या हातात होती.

“बस आत,” तो म्हणाला. खाली वाकून त्याने सीटचा खटका शोधला, बोटांनी, बरोब्बर. “पाय पोचले की सांग.”

सीट बरीच पुढे आली.