देवानं बसवून ठेवलं

आमच्या सासूबाईंनी, म्हणजे आत्याबाईंनी, तोंड मिटलं की ते उघडणं प्रत्यक्ष भैरवनाथालाही जमणार नाही, अशी माझी खात्री होती. लकव्यानं त्यांचे हात लुळे पडले, तेव्हापासून त्या फक्त माझ्याच हातून जेवत. मी इंदापूरला पॅकहाउसमध्ये डाळिंबं निवडायला जाते. घरी आले की घास भरवताना तिथलं सगळं नाटक करून दाखवते. मुकादमाचं खाकरणं, फळ फुटलं की कपाळ बडवणं. आत्याबाई हसल्या की तोंड उघडतं, आणि घास आत! पण दुपारी मी कामावर. आमचे मालक शेतातून येऊन घास पुढे करायचे, तर पोटच्या मुलापुढेही त्या तोंड फिरवायच्या. वाळत चालल्या होत्या. नोकरी सोडावी तर माझा जीव तिच्यात, न सोडावी तर त्यांचा जीव जायचा.

शेवटी सुट्टीच्या दिवशी भैरवनाथाला कौल लावला. गुरवानं देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर नोकरी करायची, डावी पडली तर सोडायची. मी हात जोडून बसले. देवही बसला! पाकळी काही हलेना. दुपार झाली तशी मी उठू लागले, तर शेजारच्या अनोळखी म्हातारीनं पदर धरला.

"कौल लावून उठत्यात व्हय गं?"

"घरी सासू उपाशी हाय, आजी."

"मग? तिची काळजी तुला एकटीलाच हाय?"

मी मटकन बसले आणि पोटभर रडले. डोळे पुसून बघते, तर आजी निघून गेलेली. गुरव म्हणाला, "जावा ताई, देव आज बोलत न्हाय."

धावतपळत घर गाठलं आणि दारातच थबकले. माझी पॅकहाउसची टोपी घालून आमचे अबोल मालक मुकादमासारखे खाकरत होते. "ए बाई, डाळिंब हाय ते, चेंडू न्हाय!" अभिनय अगदी भिकार. पण आत्याबाईंचं तोंड उघडं होतं, आणि दूध-भाकरी आत चालली होती.

मला बघून त्या बोबड्या बोलात म्हणाल्या, "ह्याला काय बी येत न्हाय. उद्या कामाला जा, नवं काय घडलं ते बघून ये, अन् ह्याला शिकीव."

ती आजी कोण, मी शोधलं नाही. पुढे कुठली पाकळी पडली, तेही विचारलं नाही. सगळा भार माझ्याच हातावर आहे असं मी धरून बसले होते. देवानं फक्त मला जरा वेळ घराबाहेर बसवलं. आता रोज सकाळी निघताना देवळाकडे बघून हात जोडते. मागून खाकरण्याचा आवाज येतो. दुपारची तालीम चाललेली असते.