टिटवीच्या दारात

उन्हं चढायच्या आत रोह्याहून निघालो. मी आणि माझ्या मोठ्या नणंदबाई, कुसुमताई. बेत त्यांचाच. सकाळी धरमतरच्या खाडीवर पाणपक्षी बघायचे, संध्याकाळी परतताना माळावरचे चंडोल. मी जात्याच घाबरट. वैशाखातल्या उन्हाच्या धास्तीने पिशवी पाण्याच्या बाटल्यांनीच भरली.

डोलवीला कंपनीच्या शिफ्टच्या बसमागे अडकलो. खाडीकाठच्या मिठागरावर पोचलो तेव्हा बांध तापले होते. पण शेकाटे (लांब तांबड्या पायांचे पाणपक्षी) दिसताच ताई हरखल्या आणि दुर्बीण डोळ्याला लावूनच चालू लागल्या.

"ताई, खाली बघा!" मी ओरडेपर्यंत त्या धाडकन पडल्या होत्या. पाय मुरगळला. तोच एक टिटवी जिवाच्या आकांताने ओरडत डोक्यावर घिरट्या घालू लागली. पाहते तो ताईंच्या कोपरापासून हातभरावर, उघड्या खड्यांत तिची ठिपकेदार अंडी!

आम्ही हलल्याशिवाय ती बसणार नाही आणि अशा उन्हात अंडी उकडायला वेळ लागत नाही, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. ताईंना उचलू पाहिलं. पण त्यांचं वजन आणि माझी कंबर यांचं जमेना. अंड्यांवर छत्री धरली, तर टिटवी आणखीच लांब गेली.

आरडाओरडा ऐकून मिठागरातल्या दोन बाया धावत आल्या.

"काय झाला गो बाय?"

"पाय गेला. पण आधी इथून हलवा मला. अंडी आहेत," ताई कळवळत म्हणाल्या.

"व्हय, पन लय दुखंल."

"दुखू दे."

बायांनी मिठाचं रिकामं गोणपाट आणलं, ताईंना त्यावर बसवलं आणि बांधावरून ओढत नेलं. खड्याखड्याला ताई ओठ चावत होत्या.

लांबच्या खोपीत पोचल्यावर मी दुर्बीण लावली. टिटवी उतरली, थोडी धावली आणि परत उडाली. मी रडकुंडीला आले. मग ती कडेच्या पाण्यात पोट भिजवून आली आणि तिने अंगाखाली अंडी घेतली.

"बसली?" ताईंनी विचारलं.

"बसली."

माळ राहिलाच. आपण हौसेने गेलो आणि कुणाचा तरी संसार उन्हात जळता जळता राहिला, हे वाटभर मला खात होतं.

रोह्यात डॉक्टरांनी पाय तपासला. हाडाला चीर होती. "असं ओढून न्यायचं असतं का? होतात तिथंच बसून राहायचं," ते रागावले.

"बसले असते हो," ताई म्हणाल्या, "पण ती जागा दुसरीची होती."